'वेळेवर सापडले': पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची सामूहिक तपासणी आणि तिच्या कथा

कर्करोगाविषयीच्या बोलण्यात 'वेळेवर सापडले' हे वाक्य उच्चारले गेले, की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. वाक्य दोनच शब्दांचे; पण त्यात एक संपूर्ण कथा दडलेली असते. रोग लपून बसला होता, कुणीतरी जागरूक होते, शोध लागला, संकट टळले. आरंभ, मध्य आणि अंत असलेली, ॲरिस्टॉटलचेही समाधान व्हावे अशी ही कथा. साहित्याच्या अभ्यासकाने इतक्या सुबक कथेकडे थोड्या संशयाने पाहावे, असे आम्हांस वाटते. हा संशय सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी नाही. तो कथेच्या घडणीविषयी आहे. पुरुषांच्या एका कर्करोगाच्या बाबतीत ह्या कथेने विसाव्या शतकाच्या अखेरीस केवढा पराक्रम गाजवला, आणि पुढे तिला कोणत्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले, ते येथे पाहावयाचे आहे.

आधी नावाविषयी थोडेसे. ग्रीक भाषेत 'प्रोस्टाटेस' म्हणजे पुढे उभा राहणारा, रक्षक. त्याचेच थेट भाषांतर करून आपल्या परिभाषाकारांनी 'पुरःस्थ ग्रंथी' हा शब्द घडवला. दुसरा शब्द आयुर्वेदातून आला. सुश्रुताने मूत्राघाताचे जे प्रकार सांगितले त्यांत 'वाताष्ठीला' आहे. अष्ठीला म्हणजे गोल, कठीण दगडगोटा. त्यावरून 'अष्ठीला ग्रंथी' असेही लिहिले जाते. पहिला शब्द ग्रंथीचे स्थान सांगतो, तर दुसरा बोटाला जाणवणारा तिचा कठीणपणा. आम्हांस दुसरा अधिक आवडतो, कारण तो कुणातरी वैद्याच्या स्पर्शातून आलेला आहे. परंतु बोलीत ह्यांपैकी एकही रुजला नाही. घराघरांत 'त्यांना प्रोस्टेट झालंय' असेच म्हटले जाते, जणू अवयव हाच रोग. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी प्रत्येक पुरुषाला जन्मतःच मिळालेली असते, आणि तरीही तिचे अस्तित्व त्याला साठीच्या सुमारास, रात्री चारदा उठावे लागल्यावरच कळते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. त्या वाढीचा कर्करोगाशी संबंध असतोच असे नाही. आणि उलट, ज्या वयात तपासणी केली जाते त्या वयात आरंभीचा कर्करोग बहुधा कोणताही त्रास देत नाही. इतिहासातला सारा गुंता ह्या मौनापाशी सुरू होतो.

१९३५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील विकृतिशास्त्रज्ञ आर्नल्ड रिच ह्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या पुरुषांचे शवविच्छेदन झाले, त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्क्यांच्या पुरःस्थ ग्रंथीत त्यांना कर्करोगाचे लहान लहान पुंजके आढळले. ही माणसे अन्य कारणांनी मेली होती. जिवंतपणी त्यांना ह्याची गंधवार्ता नव्हती, त्यांच्या डॉक्टरांनाही नव्हती. म्हणजे ह्या कर्करोगासह जगणारे लोक त्याने मरणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ही गोष्ट रक्ततपासणीचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधी छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती ठाऊक असूनही पुढचा इतिहास जसा घडला तसा घडला, हे ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील विलेट व्हिटमोर हे मूत्ररोगतज्ज्ञ आपल्या विद्यार्थ्यांपुढे हाच पेच प्रश्नाच्या रूपाने ठेवीत असत: ज्यांना बरे करणे आवश्यक आहे त्यांना बरे करणे शक्य असते का, आणि ज्यांना बरे करणे शक्य आहे त्यांच्या बाबतीत ते आवश्यक असते का? व्हिटमोर स्वतः १९९५ साली ह्याच रोगाने वारले.

निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या समूहातून संभाव्य रोगी वेगळे काढण्याच्या ह्या पद्धतीला मराठीत 'चाळणी परीक्षा' असा एक शब्द वापरला जातो. तो चांगला आहे, कारण चाळणीला जाळी असते आणि जाळीला माप असते. भोके बारीक ठेवली तर खड्याबरोबर धान्यही वर राहते. मोठी ठेवली तर खडा धान्याबरोबर खाली जातो. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर ह्यांनी लिहिलेली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सामूहिक तपासणी केव्हा करावी ह्याची दहा तत्त्वे तीत सांगितली आहेत. रोग महत्त्वाचा असावा, उपचार उपलब्ध असावा, चाचणी लोकांना मानवणारी असावी, इत्यादी. त्यांतील एक तत्त्व असे, की सुप्तावस्थेपासून उघड रोगापर्यंतचा त्या आजाराचा स्वाभाविक प्रवास पुरेसा समजलेला असावा. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात नेमके तेवढेच समजलेले नव्हते. कोणता पुंजका वीस वर्षे निजून राहील आणि कोणता पाच वर्षांत हाडांत पोचेल, हे सांगता येत नव्हते.

आणि तरीही १९८० नंतरच्या दशकात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली रक्ताची चाचणी. पुरःस्थ ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाविषयी १९७० पासून अनेकांचे काम चालू होते. रिचर्ड ॲब्लिन ह्यांचे नाव त्यात आरंभीचे, तर १९७९ साली बफलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे आद्याक्षरी नाव पीएसए. १९८६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्या चाचणीला मान्यता दिली ती ज्यांना कर्करोग असल्याचे ठरलेलेच आहे, त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. दुसरी गोष्ट ध्वनिलहरींच्या साहाय्याने ग्रंथीचे तुकडे घेण्याची सुई. १९८९ च्या सुमारास सहा ठिकाणचे तुकडे घेण्याची पद्धत रूढ झाली. तिसरी शस्त्रक्रिया. ग्रंथी समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्पटन यंग ह्यांनी १९०४ सालीच केली होती, पण तिच्यानंतर पुरुषाचे पौरुष आणि लघवीवरचा ताबा ही दोन्ही बहुधा जात, म्हणून ती फारशी केली जात नसे. १९८२ साली पॅट्रिक वॉल्श ह्यांनी नसा वाचवून ती करून दाखवली. आता शोधता येत होते, खात्री करून घेता येत होती आणि काढून टाकता येत होते. सगळी यंत्रणा सिद्ध झाल्यावर ती चालवायची की नाही, हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

१९९१ साली सेंट लुईसच्या विल्यम कॅटलोना ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात १६५३ निरोगी पुरुषांची ही चाचणी केली होती. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही सीमारेषा लोकांच्या तोंडी बसली. १९९४ साली प्रशासनाने ह्या चाचणीला रोग शोधण्यासाठीही मान्यता दिली, परंतु लोकांनी तितकी वाट पाहिली नव्हती. १९८९ पासून अमेरिकेत दरवर्षी एक जागृती-सप्ताह पाळला जाऊ लागला होता आणि त्यात देशभर ठिकठिकाणी फुकट तपासणीची शिबिरे भरत. तपासणी फुकट होती. पुढची सुई, शस्त्रक्रिया, किरणोपचार फुकट नव्हते. पाणी फुकट आणि मीठ विकत, असा हा व्यवहार काही मंडळींनी तेव्हाही ओळखला होता. १९९२ साली अमेरिकेत ह्या कर्करोगाच्या नव्या निदानांचे प्रमाण शिखराला पोचले. १९८६ च्या तुलनेत ते जवळजवळ दुप्पट झाले होते. रोग दुप्पट झाला नव्हता. चाळणीची जाळी बारीक झाली होती. १९९९ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने ह्या विषयावर एक तिकीट काढले आणि त्यावर वार्षिक तपासणी व चाचण्यांचा पुरस्कार करणारे शब्द छापले. वैद्यकातील एक वादग्रस्त मत सरकारी पाकिटावर चिकटून घरोघर पोचल्याचे असे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

ह्या शिबिरांकडे केवळ बाजार म्हणून पाहणे मात्र अन्यायाचे होईल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांत ह्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. ज्या समाजाने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी येथे आपल्या माणसांना उपदंशावरील उपचारांपासून जाणूनबुजून वंचित ठेवलेले पाहिले, तो सरकारी रुग्णालयाच्या पायऱ्या उत्साहाने चढेल अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून तपासणी चर्चच्या सभागृहात गेली, केशकर्तनालयात गेली. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस जे बोलतो ते बायकोजवळही बोलत नाही, हे आपल्याकडील वाचकांना समजावून सांगावयास नको. पुढे ज्या अमेरिकन चाचणीच्या आधारे तपासणीचा लाभ नाही असा निष्कर्ष निघाला, तिच्यातील कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण जेमतेम चार टक्के होते. ज्यांना मरणाचा धोका सर्वांत अधिक, त्यांच्याविषयीचा निकाल त्यांच्या जवळपास अनुपस्थितीत लागला. ही तक्रार त्या समाजातील डॉक्टर आजही करतात आणि तिला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

आता साहित्याकडे वळू. १९९६ हे ह्या इतिहासातले आत्मकथनाचे वर्ष. आखाती युद्धातले सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ ह्यांचे छायाचित्र 'टाइम'च्या मुखपृष्ठावर ह्याच रोगाच्या संदर्भात झळकले. इंटेल कंपनीचे अँडी ग्रोव्ह ह्यांनी 'फॉर्च्युन'मध्ये आपल्या रोगाची कहाणी लिहिली. आणि सायमन अँड शुस्टर ह्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख संपादक मायकेल कोर्डा ह्यांचे 'मॅन टू मॅन' हे पुस्तक आले. सेनापती, उद्योगपती, संपादक: निर्णय घेण्याची सवय असलेली ही माणसे. त्यांच्या कथेत रोग हा शत्रू, प्रकल्प किंवा हस्तलिखित असतो. त्याच्यावर ताबा मिळवावयाचा असतो. कोर्डा ह्यांच्या पुस्तकाचे मोल इतकेच नाही, हे मान्य केले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरचे ओले कपडे आणि शय्येवरचे अपयश त्यांनी न लपवता लिहिले, आणि पुरुषांनी ह्या विषयावर असे लिहिणे तेव्हा विरळा होते.

ह्या सर्वांच्या आधी एका समीक्षकाने हाच विषय हाताळला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे ग्रंथसमीक्षक अनातोल ब्रॉयार्ड ह्यांना १९८९ साली हा कर्करोग असल्याचे कळले. तेव्हा तो ग्रंथीबाहेर पसरलेला होता. ऑक्टोबर १९९० मध्ये ते वारले. त्यांचे 'इन्टॉक्सिकेटेड बाय माय इलनेस' हे पुस्तक १९९२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झाले. सुसान सोन्टॅग ह्यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये आजाराला रूपकांच्या जाचातून सोडवण्याची मागणी केली होती. ब्रॉयार्ड ह्यांनी उलट बाजू घेतली. आजाऱ्याने आजारपणासाठी स्वतःची शैली घडवावी आणि डॉक्टरने आपल्याला एखाद्या चांगल्या वाचकासारखे वाचावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १९९६ च्या आत्मकथनांशेजारी हे पुस्तक ठेवले, की फरक जाणवतो. ब्रॉयार्ड ह्यांच्याजवळ 'वेळेवर सापडले' हे वाक्य नव्हते. त्यामुळे त्यांना कथेचा शेवट आधीच ठाऊक असल्याचा आव आणता आला नाही. त्यांना लिहावे लागले.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. तपासणीत कर्करोग सापडलेला आणि उपचारानंतर दहा वर्षांनी हयात असलेला माणूस म्हणतो, 'तपासणीने मला वाचवले'. हे विधान खरे असू शकते. पण ते खरे आहे की नाही, हे त्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. तपासणी केली नसती तर काय झाले असते, ही दुसरी कथा त्याच्यासाठी कायमची अलिखित राहिलेली असते. कदाचित तो मेला असता. कदाचित रिच ह्यांच्या शवविच्छेदनातील माणसांप्रमाणे तो पंच्याऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेला असता आणि पुंजका त्याच्याबरोबर शांतपणे जळून गेला असता. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला वैद्यकात 'अतिनिदान' झालेला असे म्हणतात. हे पात्र मोठे विलक्षण आहे. ते हजारोंच्या संख्येने अस्तित्वात आहे हे गणिताने सिद्ध होते, पण त्यांच्यापैकी एकाकडेही बोट दाखवता येत नाही. त्याचे आत्मचरित्र असू शकत नाही. कारण तो स्वतःला वाचलेलाच समजतो. उपचाराने आलेले लंगोट आणि नपुंसकत्व हे त्याला वाचण्याची किंमत वाटते आणि तो ती कृतज्ञतेने मोजतो. वेल्च आणि अल्बर्टसन ह्यांनी २००९ साली केलेल्या अंदाजानुसार १९८६ ते २००५ ह्या काळात अमेरिकेत सुमारे १३ लाख पुरुषांना असे जादा निदान मिळाले आणि त्यांतील १० लाखांहून अधिकांवर उपचार झाले. त्या तेरा लाखांत काहींचे प्राण खरोखर वाचले. कोणाचे, हे कुणालाही ठाऊक नाही.

प्रथमपुरुषी एकवचनाची ही मर्यादा राजकारणातही दिसली. २००७ साली रूडी ज्युलियानी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करीत होते. त्यांना स्वतःला हा रोग झाला होता. अमेरिकेत ह्या रोगातून वाचण्याची शक्यता ८२ टक्के, तर सरकारी आरोग्यव्यवस्था असलेल्या इंग्लंडात केवळ ४४ टक्के, असे ते जाहिरातीत सांगत. हे आकडे निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे होते. समजा, दोन भाऊ आहेत आणि दोघेही ह्याच रोगाने शहात्तराव्या वर्षी जाणार आहेत. एकाला त्र्याहत्तराव्या वर्षी कंबरदुखी झाल्यावर निदान झाले, दुसऱ्याला सहासष्टाव्या वर्षी रक्ततपासणीत. पहिला पाच वर्षे 'जगला' नाही, दुसरा दहा वर्षे 'जगला'. दोघांचे दिवसकार्य मात्र एकाच वर्षी. भरीला अतिनिदान झालेले, मुळात न मरणारे रुग्ण घाला, की टक्केवारी आणखी चढते. दोन्ही देशांतील मृत्युदर त्या काळी जवळजवळ सारखे होते. योगायोग असा, की त्याच शरदात फिलिप रॉथ ह्यांची 'एक्झिट घोस्ट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक नेथन झुकरमन ह्याची पुरःस्थ ग्रंथी काढलेली आहे आणि लघवीवरील गेलेला ताबा परत मिळेल ह्या आशेने तो न्यूयॉर्कला येतो. प्रचाराच्या भाषणात वाचण्याची टक्केवारी होती, कादंबरीत वाचल्यानंतरचे दिवस होते. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत.

युरोपात ही कथा निराळ्या रीतीने घडली. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९९३ पासून ४५ ते ७५ वयाच्या पुरुषांना ही चाचणी फुकट देण्यात आली. पहिल्याच वर्षी पात्र पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश आले. इन्सब्रुकचे गेऑर्ग बार्ट्श आणि सहकारी ह्यांनी पुढे दाखवले, की २००५ पर्यंत टिरोलमधील मृत्यू अपेक्षेपेक्षा ५४ टक्क्यांनी घटले, तर उर्वरित ऑस्ट्रियात २९ टक्क्यांनी. संपूर्ण समाजाला तपासल्याचे हे ठळक उदाहरण. पण टिरोलमध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते आणि तेथील रुग्णांना उत्तम रुग्णालयही लाभले होते. श्रेय कोणाला किती द्यावे, हा वाद मिटला नाही.

त्यासाठी चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांची वाट पाहावी लागली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या २६ मार्च २००९ च्या अंकात दोन निबंध एकत्र आले. अमेरिकेतील सुमारे ७६ हजार पुरुषांच्या अभ्यासात तपासणीने मृत्यू घटले नाहीत. युरोपातील सात देशांच्या अभ्यासात ते २० टक्क्यांनी घटले. परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० जणांना तपासावे लागले आणि ४८ जणांवर जादा उपचार करावे लागले. अमेरिकन अभ्यासाचे रहस्य पुढे उलगडले. ज्यांनी तपासणी करून घ्यावयाची नव्हती अशा तुलनागटातील सुमारे ९० टक्के पुरुषांनी ती बाहेर कधी ना कधी करून घेतली होती. टपालाच्या तिकिटांनी आपले काम चोख बजावले होते. तपासणी न झालेला पुरुषच अमेरिकेत उरला नव्हता.

ह्याच नियतकालिकाचा पुढचाच, २ एप्रिल २००९ चा अंक उघडला तर आपण मराठवाड्यात पोचतो. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास त्यात आहे. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि लिआँची आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनी तो मिळून केला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले: तपासलेल्या गटात ३४, न तपासलेल्या गटात ६४. लागोपाठच्या दोन अंकांतील हा विरोध आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत बोलका पाठ आहे. बार्शीच्या परिसरातील स्त्रीच्या बाबतीत रोगाचा प्रवास ठाऊक होता. कर्करोगाआधीची अवस्था वर्षानुवर्षे टिकते, ती दिसते, आणि छोट्या उपचाराने नाहीशी करता येते. विल्सन आणि युंगनर ह्यांचे ते तत्त्व येथे पुरे होत होते. आणि तरीही श्रीमंत देशांतील कोट्यवधी पुरुषांना शंकास्पद तपासणी दरवर्षी मिळत होती, तर ह्या स्त्रियांना निःशंक तपासणी एकदा मिळण्यासाठी एका संशोधनाचा विषय व्हावे लागले. न तपासलेल्या गटातील त्या ६४ जणींविषयी पुढे नैतिक वादही झाला. त्यांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असे विचारले गेले. प्रश्न रास्त होता. मात्र उर्वरित ग्रामीण महाराष्ट्र कोणत्याही अभ्यासाविना तसाच तपासणीविना होता, त्याविषयी तेवढ्या तावातावाने कुणी बोलल्याचे आमच्या वाचनात नाही. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख ह्या तीन कर्करोगांच्या सामूहिक तपासणीची तरतूद आहे. पुरःस्थ ग्रंथीचा समावेश त्यात नाही, आणि तो नसणे समंजसपणाचे आहे.

२००९ नंतर पश्चात्तापाचा काळ आला. खरे तर त्याची सुरुवात आधीच झाली होती. ह्या चाचणीचे एक आद्य पुरस्कर्ते, स्टॅनफर्डचे टॉमस स्टेमी ह्यांनी २००४ सालीच तिचे युग संपल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी इयन टॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ४ नॅनोग्रॅमच्या 'सुरक्षित' रेषेखालील पुरुषांतही सुमारे १५ टक्के जणांच्या ग्रंथीत कर्करोग सापडतो. मार्च २०१० मध्ये ॲब्लिन ह्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपण ज्याच्या शोधाशी निगडित होतो त्या चाचणीच्या सरसकट वापराला महाग संकट ठरवले. २०१२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने ही तपासणी करूच नये असा सल्ला दिला. तपासण्या घटल्या, निदाने घटली. आणि त्यानंतरच्या वर्षांत पसरलेल्या अवस्थेतच सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढू लागले. २०१८ साली कार्यदलाने सल्ला सौम्य केला: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे. मे २०२५ मध्ये माजी अध्यक्ष जो बायडन ह्यांचा कर्करोग हाडांत पसरलेल्या अवस्थेत सापडला आणि त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ साली झाल्याचे सांगण्यात आले, तेव्हा जुना वाद पुन्हा नव्याने पेटला.

दरम्यान युरोपीय अभ्यास चालूच राहिला. २०२५ साली त्याचा २३ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. मृत्यूंतील घट १३ टक्के. एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागते आणि १२ जणांना जादा निदान द्यावे लागते. अठ्ठेचाळीसचे बारा झाले, कारण वाचण्याचे फळ मिळण्यास दोन दशके लागतात आणि रुग्णाला तितके जगावे लागते. त्या बारा जणांना एका खोलीत बसवले तर बाराही जण हेच सांगतील, की आपले वेळेवर सापडले. त्यांतील एकाच्या बाबतीत ते मृत्यू टळण्याइतके खरे असेल. खोलीतील कुणालाच तो एक ओळखता येणार नाही, आणि एकालाही खोटे बोलतोस असे म्हणता येणार नाही.

तपासणीने होणारी हानी कमी करण्याचे काम मात्र अलीकडे बरेच झाले आहे, आणि ते चाळणीपेक्षा चाळल्यानंतरच्या वागणुकीत झाले आहे. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ लक्ष ठेवणे अशा तीन गटांत विभागून केलेल्या अभ्यासात पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के जण ह्या रोगाने न मरता राहिले, असे २०२३ साली दिसून आले. सुई लावण्याआधी चुंबकीय प्रतिमा घेण्याची पद्धत रूढ झाली; निरुपद्रवी कर्करोग सापडण्याचे प्रमाण तिने निम्म्यावर येते, असे गटेबोर्गच्या दुसऱ्या अभ्यासाने २०२२ साली दाखवले. कमी धोक्याच्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के अमेरिकन पुरुष २०२१ साली तातडीच्या उपचाराऐवजी देखरेखीखाली राहत होते. आधीच्या पिढीत हा आकडा अशक्यच वाटला असता.

ह्यातून एक नवा वाद निघाला आहे आणि तो शब्दाचा आहे. १९६६ साली मिनिआपोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉनल्ड ग्लीसन ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ग्रंथीच्या रचनांची स्वतः चित्रे काढून त्यांना एक ते पाच असे क्रमांक दिले आणि दोन क्रमांकांची बेरीज करण्याची पद्धत घालून दिली. आज व्यवहारात बेरीज सहापासून सुरू होते. सहाची बेरीज असलेला रोग शरीरात अन्यत्र जवळजवळ कधीच पसरत नाही. २०२२ साली स्कॉट एगनर आणि सहकाऱ्यांनी मागणी केली, की मग त्याला कर्करोग म्हणणेच सोडून द्यावे. नाव बदलले, की भीती जाईल. भीती गेली, की घाईची शस्त्रक्रिया टळेल. विकृतिशास्त्रज्ञांपैकी अनेकांना हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की काचेवर दिसणारी पेशी आपल्या सीमा ओलांडत असते, सुईने घेतलेल्या तुकड्याशेजारी अधिक घातक रचना राहून गेलेली असू शकते, आणि ते नाव काढून घेतले तर माणूस पुढच्या तपासणीला येणारच नाही. तूर्त अहवालावर जुनेच नाव लिहिले जाते, आणि त्याखाली बेरीज.